बोअरच्या पाण्यावर तवंग : सोलापूर पट्ट्यात काळ्या फत्तराखाली खनिज तेल असू शकतं का?

शिवार_अक्कलकोट

नमस्कार मंडळी,

अक्कलकोट तालुक्यात एका शेतात नुकताच साडेसहा इंची बोअर मारला. खोली ३२० फूट. वर काळी माती, मग मुरूम, ४० फुटांपर्यंत केसिंग. त्याखाली सलग काळा फत्तर, १८० फुटांवर दोन-अडीच फुटांचा तांबड्या गेरूचा थर, पुढे जाळीदार खडक आणि २६५ फुटांवर पाणी. स्थिर पातळी १२० फुटांवर आहे. पाणी हौदात सोडलं की इंद्रधनुषी तवंग पसरतो. सुरुवातीला बुडबुडेही येत होते, शिवाय थोडा उग्र वास. गावात ‘तेल लागलं’ अशी हवा झाली आहे आणि पेट्रोलियमचा सर्व्हे करून देतो म्हणत एक जण आगाऊ पैसे मागतो आहे.

पहिली शंका व्यवहाराची : तवंग कशाचा आहे हे जागेवर कसं ओळखायचं?

दुसरी जास्त महत्त्वाची. आपल्या भागात फत्तराखाली नेमकं काय आहे? कुर्डुवाडीखाली गाडली गेलेली खचदरी (जमीन खचून झालेली लांब दरी) असल्याचं वाचनात आलं. शहाबादचा चुनखडक वायव्येकडे ट्रॅपखाली, म्हणजे या काळ्या फत्तराखाली, सरकत आपल्याकडे येतो असंही म्हणतात. हे खरं असेल तर या पठाराखाली तेल किंवा वायू असण्याची शक्यता कितपत धरावी? पदवीपर्यंत भूशास्त्र झालेलं आहे, तेव्हा आकडे आणि तांत्रिक शब्द चालतील.

हातोडा_बिट

आधी त्या सर्व्हेवाल्याला हात जोडा. शेताच्या बांधावर उभं राहून खनिज तेल सांगणारं कुठलंही यंत्र नाही.

आता तवंग. काडी घेऊन तवंग मधोमध कापा. काचेचे तुकडे पडावेत तसा कोनाकोनाने फुटला आणि तुकडे वेगळेच राहिले, तर तो लोहजीवाणूंचा पापुद्रा. बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या फत्तरात, लोह भरपूर असतं, त्यामुळे हा प्रकार आपल्याकडे नेहमीचा. काडीमागे तवंग भोवऱ्यासारखा वळून पुन्हा जुळून आला, तर ते तेल. पण तेल म्हणजे भूगर्भातलंच तेल असं नाही.

नव्या बोअरमध्ये तेल येण्याची वाट रिगमधूनच जाते. डीटीएच हातोड्याच्या, म्हणजे बोअरच्या तळाशी हवेवर ठोकणाऱ्या हातोड्याच्या, पिस्टनला वंगण लागतं, म्हणून कॉम्प्रेसरच्या हवेतच लाइन ऑइलरमधून तेल सोडलेलं असतं. साडेसहा इंची बोअरला ताशी साधारण एक लिटर धरा. ३२० फूट मारायला तीन-चार तास लागले, तर तीन-चार लिटर तेल खाली गेलं. बरंचसं चुऱ्याबरोबर उडून बाहेर येतं, पण हवेच्या दाबाने काही भाग जाळीदार खडकाच्या छिद्रांत आणि भेगांत घुसतो आणि पाणी उपसायला लागलं की हळूहळू परत येतो. त्यात रॉडच्या आट्यांचं ग्रीस, हायड्रॉलिक नळीची गळती आणि स्क्रू कॉम्प्रेसरचा सेपरेटर खराब असेल तर त्याचंही तेल मिसळतं.

किती तेल पुरतं हे बघा. इंद्रधनुषी तवंगाची जाडी ०.३ मायक्रॉनच्या आसपास असते. म्हणजे १ मिलिलिटर तेल तीन चौरस मीटरहून जास्त पाणी झाकतं. हौदभर तवंग दिसायला चमचाभर तेलही लागत नाही.

बुडबुडे सुरुवातीलाच येऊन थांबले असतील तर ती कॉम्प्रेसरची भेगांत कोंडलेली हवा. असं पाणी आधी दुधाळ दिसतं आणि ग्लासात तळापासून वर स्वच्छ होत जातं. वास सडक्या अंड्यासारखा असेल तर हायड्रोजन सल्फाइड. जवळपास मळीचं पाणी सोडलेलं रान असेल तर जमिनीत ऑक्सिजन संपतो आणि जीवाणू सल्फाइडसोबत मिथेनही तयार करतात. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की ही शक्यता आधी तपासावी. मात्र काडी पेटवून वायू बघू नका. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की स्फोट होतो आणि केसिंगच्या तोंडाशी तेवढं प्रमाण सहज साठू शकतं.

पुढचं काम : १२० ते ३२० फूट म्हणजे २०० फूट पाण्याचा स्तंभ, साडेसहा इंचात साधारण १३०० लिटर. त्याच्या तिप्पट, म्हणजे ४००० लिटर उपसा आणि तवंग कमी होतो का बघा. आठवडाभर रोज पंप चालवूनही तेवढाच राहिला तर पुढचं बोलू. पंप आधीच उतरवला असेल तर मोटर पाणी भरलेली आहे की तेल भरलेली, तेही कळवा. तेल भरलेल्या मोटरचं सील गेलं की हुबेहूब असाच तवंग येतो.

गाळखडक

तवंगाचं हातोडा_बिट यांनी सांगितलं आहेच, मी दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. तो प्रश्न नीट उत्तर देण्याजोगा आहे.

तेल लाव्हाच्या खडकात तयार होत नाही. सेंद्रिय पदार्थ असलेला गाळाचा स्रोतखडक लागतो, तो लाखो वर्षं साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअस तापमानात मुरावा लागतो, मग तेलाला वर सरकायला वाट, साठायला सच्छिद्र खडक आणि निसटू न देणारं झाकण लागतं. त्यातही झाकण आणि सापळा तेल सुटण्याआधी तयार असला पाहिजे. आपल्याकडे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा ट्रॅप हे झाकण म्हणून उत्तम आहे : घट्ट लाव्हाचे थर, मध्ये चिकणमातीसारखे गेरूचे पट्टे, भेगांत झिओलाइट भरलेलं. अडचण खाली आहे. बेसॉल्टचा तळ आणि ग्रॅनाइटचा माथा यांच्यामध्ये किती गाळखडक आहे, यावर सगळं ठरतं.

याचं सर्वांत जवळचं उत्तर किल्लारीत मिळालं. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर तिथे ६१७ मीटरचा बोअर घेतला गेला. ३३८ मीटर बेसॉल्ट, त्याखाली फक्त ८ मीटर गाळ आणि मग थेट ग्रॅनाइट-नाइस, म्हणजे पायाचा जुना स्फटिकी खडक. पश्चिमेला कोयना परिसरात भूकंप अभ्यासासाठी जे खोल बोअर झाले, त्यांत तेवढाही गाळ नाही. रासाटीला ९३३ मीटरवर बेसॉल्ट संपतो आणि नाइस सुरू होतो. गोठणेच्या ३ किलोमीटर खोल बोअरमध्ये बेसॉल्ट सुमारे १२५० मीटर, पण खाली पुन्हा नाइसच. म्हणजे लाव्हा वाहत आला तेव्हा या भागातली जमीन बहुतेक ठिकाणी उघडा ग्रॅनाइट होती. समुद्र किंवा मोठं तळं नव्हतं, त्यामुळे डायनासोरांच्या काळातला जाड गाळ इथे मिळण्याची आशा कमी.

आग्नेयेची बाजू मात्र वेगळी. कलबुर्गी ओलांडून शहाबाद, वाडी, चित्तापूरकडे गेलं की ट्रॅप संपतो आणि भीमा गटाचे खडक उघडे पडतात. सोलापुरात निम्म्या घरांत घातलेली शहाबादी फरशी ती हीच. तळाला राबनपल्लीचे वालुकाश्म आणि शेल, वर शहाबादचा चुनखडक, त्याच्याही वर हलकलचा शेल, आणि हे सगळं ग्रॅनाइटवर जवळजवळ आडवं. एकूण जाडी जास्तीत जास्त तीनेकशे मीटर. या थरांचा वायव्य काठ ट्रॅपखाली गेलेला आहे हे सर्वमान्य आहे. तो अक्कलकोटपर्यंत पोचतो का, हे बोअर घेतल्याशिवाय कळणार नाही.

समजा पोचतो. तरी दोन अडचणी उरतात. हे खडक प्रोटेरोझोइक, म्हणजे जमिनीवर वनस्पती येण्याच्या कितीतरी आधीचे. त्यांत सेंद्रिय द्रव्य असलंच तर शैवालं आणि जीवाणूंचं. ते तेल देऊ शकतं, पण खडकात ते किमान अर्धा-एक टक्का तरी हवं. फरशीचा काळा रंग पाहून भुलू नये, बारीक पायराइटनेही चुनखडक काळा दिसतो.

दुसरी अडचण उष्णतेची, आणि इथे गणित मांडता येतं. दख्खनच्या या भागात भूगर्भातून येणारी उष्णता कमी, दर चौरस मीटरला ४० ते ४५ मिलिवॉट. बेसॉल्टची उष्णतावाहकता १.७च्या आसपास धरली तर किलोमीटरला २५-२६ अंश वाढतात, ग्रॅनाइटमध्ये १५च्या आसपास. सोलापुरात जमिनीचं सरासरी तापमान २८ धरलं, तर ४०० मीटरवर आजचं तापमान ३८ अंश. झिजून गेलेला ट्रॅप आणखी एक किलोमीटर होता असं उदारपणे मानलं तरी ६४-६५ अंश, म्हणजे तेल बनण्याच्या उंबरठ्यावर जेमतेम. लाव्हाने खालचा गाळ शिजवला असेल असंही सुचवलं जातं, पण उघड्यावर वाहणारा लाव्हा बरीचशी उष्णता वर हवेत सोडतो. खालचे काही मीटर भाजतात, बस्स. गाळाच्या आत घुसलेले सिल आणि डाइक, म्हणजे शिलारसाचे आडवे आणि उभे पट्टे, हे काम करतात, त्यांची गोष्ट वेगळी.

मुद्दा पठाराच्या उंचीचा नाही. तिबेटच्या चांगतांग खोऱ्यात साडेचार-पाच हजार मीटरवर ट्रायासिक-जुरासिक समुद्री गाळ हजारो मीटर जाडीचा आहे, स्रोतखडक आहेत, तेल तयारही झालं. पण भारतीय भूखंडाच्या टकरीनंतर सगळं उचललं गेलं, चिरलं गेलं, झाकणं झिजली. आज लोंगेनीसारख्या ठिकाणी तेलाने भरलेला डोलोमाइट उघड्यावर दिसतो, म्हणजे साठा होता आणि फुटला. तिथे ऐवज होता पण झाकण मोडलं. आपल्याकडे झाकण शाबूत आहे आणि ऐवजाचीच शंका.

मिलीगॅल

कुर्डुवाडीच्या खचदरीबद्दल लिहितो, कारण त्या नावाचा आधार घेऊन बरंच काही खपवलं जातं.

१९७३ मध्ये कृष्ण ब्रह्मम आणि नेगी यांनी गुरुत्वाच्या नकाशावरून ट्रॅपखाली दोन खचदऱ्या असाव्यात असं मांडलं, एक कोयना आणि दुसरी कुर्डुवाडी. आधार होता गुरुत्वाचा उणा पट्टा. हलका गाळ भरलेली दरी असेल तर असा पट्टा दिसतो हे खरं. पण त्याचं उलट आपोआप खरं ठरत नाही. सूत्र साधं आहे : मिलीगॅलमधला (हे गुरुत्व मोजायचं एकक) फरक = ०.०४१९ × घनतेतला फरक × जाडी मीटरमध्ये.

२.४२ घनतेचा वालुकाश्म २.६७च्या ग्रॅनाइटजागी ३०० मीटर भरला तर ३.१ मिलीगॅल. आता गाळ अजिबात नाही, पण खालच्या ग्रॅनाइटचा ५ किलोमीटर जाडीचा भाग शेजारच्या नाइसपेक्षा फक्त ०.०५ ने हलका आहे असं धरा. उत्तर साडेदहा मिलीगॅल. म्हणजे गाळाच्या दरीहून मोठा उणेपणा ग्रॅनाइटच्या किरकोळ फरकाने येतो. कोयनेत प्रत्यक्ष बोअर झाले आणि बेसॉल्टखाली नाइस निघाला, तेव्हा तिथल्या गाळ भरलेल्या दरीचा आधार गेला. कुर्डुवाडीच्या पट्ट्यालाही तीच शंका लागू होते. शिवाय किल्लारीतला ८ मीटरचा गाळ या सूत्रात घाला : ०.०८ मिलीगॅल. प्रादेशिक सर्वेक्षणात एवढा फरक गोंगाटात बुडतो.

आणि एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. भीमा गटाचा घट्ट चुनखडक सगळ्या पद्धतींना चकवतो. त्याची घनता २.७, ग्रॅनाइटएवढीच, म्हणून गुरुत्वात दिसत नाही. विद्युतरोध हजार ओम-मीटरच्या घरात, म्हणून मॅग्नेटोटेल्युरिकमध्ये, म्हणजे नैसर्गिक विद्युतचुंबकीय बदल मोजणाऱ्या एमटीमध्ये, तो पायाच्या खडकात मिसळून जातो. ध्वनिवेग सेकंदाला साडेपाच-सहा किलोमीटर, तोही बेसॉल्ट आणि ग्रॅनाइट यांच्याजवळचा.

एमटीला जाडी भागिले विद्युतरोध, म्हणजे एकूण वाहकता कळते. ३३८ मीटर बेसॉल्ट १०० ओम-मीटरचा असेल तर ३.४ सीमेन्स. त्याखाली ३०० मीटर ओला शेल-वालुकाश्म २० ओम-मीटरचा असता तर १५ सीमेन्स, म्हणजे ठळक दिसला असता. किल्लारीच्या ८ मीटर गाळाचे ०.४ आणि ३०० मीटर घट्ट चुनखडकाचे ०.३. दोन्ही दिसणार नाहीत. म्हणून एमटीने ‘गाळ नाही’ म्हटलं तर त्याचा अर्थ ‘जाड, ओला, शेलयुक्त गाळ नाही’ एवढाच घ्यायचा.

भूकंपीय सर्वेक्षणाचं दुखणं आणखी वेगळं. बेसॉल्टच्या माथ्यावरूनच बरीच ऊर्जा परत फिरते, घट्ट आणि जाळीदार थर आलटून-पालटून असल्याने उरलेली विखुरते. अपवर्तन पद्धतीत तर वेगवान बेसॉल्टखालच्या मंद गाळापासून मस्तकलहर (थराच्या माथ्यावरून सरकून वर परतणारी लहर) निघतच नाही, तो थर लपूनच राहतो आणि ग्रॅनाइटची खोली चुकीची येते.

सोलापुरात एमटी करणाऱ्यांना एक सूचना. ७६५ केव्हीच्या वाहिन्या आणि २५ केव्हीचा रेल्वेमार्ग यांपासून काही किलोमीटर लांब राहा आणि रात्रभर नोंद घ्या. दिवसा शेतीपंपांचा ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींचा त्रास इतका असतो की उथळ भागाचे वक्र वाचता येत नाहीत.

अश्मक

गाळखडक, मांडणी पटली, पण ती फार लवकर ‘नाही’कडे झुकते. प्रोटेरोझोइक म्हणून हात झटकता येणार नाहीत. पूर्व सायबेरियात युरुबचेनो-तोखोमो आणि कुयुंबा इथे रिफियन या प्रोटेरोझोइक काळातल्या भेगाळ डोलोमाइटमधून तेल निघतं आणि त्या प्रदेशावरही ट्रॅपच आहे. ओमानमध्ये हुक्फ गटाचे स्रोतखडकही बहुतांशी कॅम्ब्रियनपूर्व. आपल्या राजस्थानात बाघेवालाचं जड तेल कॅम्ब्रियनच्या उंबरठ्यावरच्या खडकांतलं. विंध्य खोऱ्यात दमोहकडे वायू मिळाला आहे. बेसॉल्टचंही तेच : फेरो-शेटलंड भागातल्या रोझबँकमध्ये दोन लाव्हांच्या मधल्या वाळूत तेल आहे. गुजरातेत पाद्र्याला तर दख्खन ट्रॅपच्याच भेगांतून तेल काढतात.

हायड्रोकार्बन महासंचालनालयाच्या २६ गाळखोऱ्यांच्या यादीत दख्खन सिनेक्लाइज (ट्रॅपखालचा विस्तीर्ण खोलगट प्रदेश) आणि भीमा-कलादगी ही दोन्ही आहेत. तिसऱ्या वर्गात का होईना, आहेत.

गाळखडक

अश्मक, ही उदाहरणं योग्य आहेत, पण प्रत्येकात तेल कुठून आलं ते बघू.

पाद्र्यातलं तेल ट्रॅपमध्ये साठलं आहे, ट्रॅपखालून आलेलं नाही. खंबात खोऱ्यात ट्रॅपवर नंतर जाड तृतीयक गाळ बसला, त्यातल्या खंबात शेलमध्ये तेल शिजलं आणि शेजारच्या उंचवट्यावरच्या भेगाळ ट्रॅपमध्ये शिरलं. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायचंही तसंच, तेथील साठा मायोसीन चुनखडकात आणि स्रोत ट्रॅपनंतरच्या गाळात. किनारा खचला, वर गाळ साचला, म्हणून तेल. पठारावर ट्रॅपच्या वर काळ्या मातीशिवाय आहे काय? तेव्हा पाद्र्याचा दाखला सोलापूरला लागू पडत नाही.

सायबेरियाचा दाखला खरा तोडीचा आहे. पण तिथे गाळ काही किलोमीटर जाड आहे, वर कॅम्ब्रियन मिठाचं झाकण आहे आणि सिल गाळाच्या आत घुसले, त्यांनी काही ठिकाणी तेल जाळूनही टाकलं. आपल्याकडे तीनशे मीटर.

तिसऱ्या वर्गाबद्दल : त्याचा अर्थ अजून काही सापडलेलं नाही, शोधायचं बाकी आहे. दख्खन सिनेक्लाइजमध्येही खरी आशा नर्मदा-तापीच्या पट्ट्यात, धुळे-नंदुरबारच्या बाजूला आहे. तिथे एनजीआरआय या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने भूकंपीय, गुरुत्व, एमटी अशा सगळ्या पद्धती एकत्र वापरून ट्रॅपखाली मेसोझोइक, म्हणजे डायनासोरांच्या काळातला, गाळ जाड असल्याचं दाखवलं आहे. आणि वर्धा खोऱ्यात गोंडवनाचा कोळसा ट्रॅपखाली जातो, तिथे वायूचा विचार होऊ शकतो. महाराष्ट्रात ट्रॅपखालच्या शोधाला पैसा घालायचा तर क्रम असा लागेल, सोलापूर त्यात खाली येईल.

तरीही अक्कलकोट-दुधनीच्या बाजूला एक गाभाबोअर (खडकाचा अखंड दंड काढणारा बोअर) व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे. तेलासाठी नाही तर निदान भीमा खोरं कुठे संपतं हे कळण्यासाठी. खोली ६०० ते ७०० मीटर धरावी. वरचा मुरूम आणि पहिले लाव्हा थर पीक्यू मापात घेऊन केसिंग, मग एचक्यू, शेवटी एनक्यू, असं गाभ्याचं माप लहान करत जावं. प्रत्येक लाव्हाच्या माथ्यावरच्या जाळीदार पट्ट्यात ड्रिलिंगचं पाणी गायब होतं, तिथे लगेच सिमेंट करून पुढे जावं. परतावा नसताना तसंच दामटलं की चुरा खाली बसतो आणि रॉड अडकतात. गेरूचे थर साध्या पाण्याने फुगतात आणि रॉड आवळतात, म्हणून पॉलिमरमध्ये पोटॅशियम क्लोराइड हवं. डिझेल किंवा लिग्नाइट असलेलं काहीही मडमध्ये, म्हणजे ड्रिलिंगच्या द्रवात, नको, नाहीतर पायरोलिसिसमध्ये (नमुना तापवून तेल मोजण्याच्या चाचणीत) मडचंच तेल मोजलं जाईल. ग्रॅनाइट लागल्यावर लगेच थांबू नये. तळाच्या गोटाश्मातला मोठा धोंडा पायाचा खडक म्हणून फसवतो, किमान २०-३० मीटर आत जाऊन खात्री करावी.

गाभ्यात गडद शेल मिळाला तर तो लगेच धुऊन ॲल्युमिनियम फॉइलमध्ये. वायूसाठीचा तुकडा वर आल्यावर काही मिनिटांत हवाबंद डब्यात. प्रयोगशाळेत रॉक-इव्हल या पायरोलिसिस चाचणीला १०० मिलिग्रॅमपर्यंत भुकटी पुरते. टीमॅक्स, म्हणजे चाचणीत सर्वाधिक हायड्रोकार्बन सुटतात तो अंश, ४३५ अंशांच्या खाली आला तर खडक कच्चा, ४३५ ते ४७० मध्ये तेलाचा टप्पा. इथे एक नेहमीची गल्लत होते : व्हिट्रिनाइटची परावर्तकता मागतात. व्हिट्रिनाइट जमिनीवरच्या झाडांपासून येतं, प्रोटेरोझोइक खडकात ते असणारच नाही. बिट्युमेनची परावर्तकता मोजावी.

अशा गाभ्यात एक टक्क्याहून जास्त सेंद्रिय कार्बन आणि टीमॅक्स ४४०च्या आसपास असलेला, निदान २०-३० मीटरचा शेल निघाला, तर मी माझं वरचं सगळं मत बदलेन.

मिलीगॅल

त्याआधीची फुकट माहिती तरी बघून घ्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या (जीएसआय) भूकोश पोर्टलवर भूशास्त्रीय आणि गुरुत्वाचे नकाशे मिळतात. केंद्रीय भूजल मंडळाचे शोधबोअर आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या सोलापूर कार्यालयातल्या नोंदी यांतून अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातले सर्वांत खोल बोअर निवडा. एखाद्या नोंदीत ‘काळा खडक’ संपून ‘पांढरा खडक’ लिहिलेलं सापडलं तर ती नोंद लाखमोलाची. चुऱ्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की चुनखडक फसफसतो, ग्रॅनाइट नाही. बेसॉल्टमधला कॅल्साइटही फसफसतो, म्हणून दोन-चार पांढरे कण नव्हे तर सगळा चुरा तपासायचा.

शिवार_अक्कलकोट

सगळ्यांचे मनापासून आभार. काडी फिरवली. तवंग तुटला नाही, वळून परत जुळला. मोटर पाणी भरलेली आहे. ४००० लिटर उपसल्यावर तवंग निम्म्याहून कमी वाटतो, बुडबुडे बंद आहेत, वासही जवळपास गेला. पैसे मागणाऱ्याला नाही म्हणून कळवलं. पण तो आता म्हणतो की तेलाचे हक्क आधी नावावर करून घ्या, नाहीतर सरकार जमीन घेईल. यात काही तथ्य?

खाणपट्टा

काहीही तथ्य नाही. खनिज तेलाचा शोध आणि उत्पादन १९४८च्या तेलक्षेत्र कायद्याखाली येतं, परवान्याशिवाय कोणालाही तेलासाठी ड्रिल करता येत नाही आणि शेतकऱ्याच्या नावावर ‘तेलाचे हक्क’ करून देणारी कुठलीही नोंदणी नाही. २०१६च्या हेल्प या तेल-वायू शोध परवाना धोरणानंतर कंपन्या राष्ट्रीय डेटा भांडारातली माहिती पाहून स्वतः क्षेत्र सुचवतात, त्यावर बोली होते, मग परवाना. पृष्ठभागाचा वापर झाला तर शेतकऱ्याला त्याची भरपाई मिळते. त्याने काही कागदावर सही मागितली तर करू नका, आणि आधी केली असेल तर तो कागद वकिलाला दाखवा.

हातोडा_बिट

उपसल्यावर तवंग कमी होतोय, म्हणजे ते हातोड्याचंच तेल. खालून सतत येणारं तेल उपसल्याने असं कमी होत नाही, उलट पाण्याची पातळी खाली ओढली की वाढतं. रोज तास-दोन तास पंप चालवा, तवंगाचं पाणी हौदातून वरच्या वर काढून टाका, पिकाला किंवा जनावरांना तोवर देऊ नका.

तरी खात्रीचा कागद हवा असेल, गाव शांत करायला तो उपयोगी पडतो, तर एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन आणि गॅस क्रोमॅटोग्राफीचा आलेख मागा. नुसता आकडा घेऊ नका, आलेखाचा आकार बोलतो. डिझेल असेल तर सी-१० ते सी-२५ मध्ये एकसारखी टोकं ओळीने दिसतात. वंगण तेल असेल तर टोकं जवळजवळ नाहीत, सी-२० ते सी-३५ मध्ये एक फुगीर उंचवटा. कच्च्या तेलाचा पट्टा हलक्यापासून जडापर्यंत सलग असतो आणि त्यात प्रिस्टेन-फायटेन या हायड्रोकार्बनांची जोडी दिसते. रिगवाल्याकडून त्याच हातोडा तेलाचे १०० मिलिलिटर मागून सोबत द्या, दोन्ही आलेख एकावर एक ठेवले की वाद संपतो. वायूचा प्रश्न पुन्हा आला तर मिथेनसोबत इथेन-प्रोपेन किती ते विचारा. मिथेन त्यांच्या हजारपटीहून जास्त आणि कार्बन समस्थानिकाचं मूल्य उणे ६० पर मिलहून हलकं असेल, तर तो जीवाणूंचा वायू, खोल भूगर्भातला नाही.

नमुना काचेच्या तपकिरी बाटलीत, १ लिटर, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर. प्लॅस्टिकची बाटली चालत नाही, तेल तिच्या भिंतीला चिकटतं आणि आकडा कमी येतो. बाटली नमुन्याच्या पाण्याने विसळू नका, त्याच कारणासाठी. आम्ल टाकून सामू २च्या खाली आणायचा, ते बहुतेक प्रयोगशाळा बाटलीतच घालून देतात. बर्फाच्या पेटीत ४ अंशांवर ठेवून त्याच दिवशी पोचवा. पाणी भरताना पंपाच्या तोंडाचा रबरी पाइप काढून थेट लोखंडी तोटीतून घ्या, कारण पाइपमधून सुटणारी द्रव्यं आलेखात तेलाच्या जागीच उमटतात.